गिटारीचा पहारा

चाळिशी उलटल्यावर माणसाने नवीन काही शिकू नये, असे कुठल्या शास्त्रात लिहिलेले नाही. पण लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये ते सगळ्यांना तोंडपाठ होते. रखमाजीराव केदारी एका संध्याकाळी खांद्यावर गिटार लटकवून घरी आले, तेव्हा अख्खी लाइन दारात येऊन उभी राहिली. नळाखाली लावलेल्या बादल्या भरून वाहू लागल्या, पण त्यांच्याकडे कुणी पाहिले नाही.

रखमाजीराव माल धक्क्यावर कारकून होते. दिसायला साधे, बोलायला बेताचे आणि सही करायला झोकदार. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या वार्षिक संमेलनात चौदा वर्षे त्यांच्याकडे एकच खाते होते, ते म्हणजे खुर्च्या. कार्यक्रमाच्या आधी मांडायच्या आणि नंतर उचलायच्या. मधल्या वेळात कुणी तरी खुर्चीतून उठून ‘अहो, ही डुगडुगते’ म्हणायचा, तेव्हा तिच्या पायाखाली कागदाची घडी सारायची. संमेलनाची छापील पत्रिका निघे. तीत गाणाऱ्याचे नाव असे, नकला करणाऱ्याचे असे, पानसुपारी वाटणाऱ्याचेसुद्धा असे. खुर्च्यांचे खाते ‘इतर कार्यकर्ते’ या दोन शब्दांत उरकलेले असे. रखमाजीराव दर वर्षी ती पत्रिका वरून खाली आणि खालून वर वाचत, आणि दर वर्षी ‘इतर’पाशी येऊन थांबत. याचे त्यांना वाईट वाटे. वाईट वाटते हे कुणाला सांगता येत नसे, याचे आणखी वाईट वाटे.

एकोणीसशे एकोणसत्तर साली इन्स्टिट्यूटच्या ऑर्केस्ट्रातला लीड गिटारवाला बदली होऊन भुसावळला गेला. ऑर्केस्ट्रा पिंटो गार्डचा. कमिटीच्या मीटिंगमध्ये पिंटोने टेबलावर टोपी आपटली आणि ‘लीड नाय तर ऑर्केस्ट्रा नाय’ असे जाहीर केले. रखमाजीराव तिथे खुर्च्या किती लागतील ते विचारायला गेले होते. ‘मी वाजवतो,’ असे शब्द त्यांच्या कानावर पडले, आणि ते बोलणारा गाढव कोण म्हणून त्यांनी मागे वळून पाहिले. मागे भिंत होती.

दुसरे कुणी पुढे न आल्यामुळे पिंटोने त्यांना पदरात घेतले. “केदारी, घाबरू नको,” तो म्हणाला. “बाकी सब मैं देखेगा. तू फक्त सुरुवातीला एक पीस मार. अकरा नोट. मग दोन वेळा मधे मार आणि छाती काढून उभा रहा. पब्लिकला वाटेल, क्या लीड है!”

अकरा सूर. माल धक्क्यावर दिवसाला मालगाडीच्या शंभर वाघिणी निपटणाऱ्या माणसाला अकरा सुरांचे काय एवढे, असे रखमाजीरावांना वाटले. इन्स्टिट्यूटचे सेक्रेटरी भिकाजीराव वाळुंज यांनी डेड स्टॉक रजिस्टरमध्ये ‘वाद्य, तारांचे, एक नग’ अशी नोंद दाखवून त्यांची सही घेतली. ‘संमेलनाच्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, सुस्थितीत हजर करीन’ असे लिहूनही घेतले. भिकाजीराव हे नियमाचे माणूस. त्यांच्या घरी पाहुणा आला तरी तो कुठल्या कलमाखाली आला हे ते आधी ठरवीत.

पहिल्या आठवड्यात रखमाजीरावांच्या डाव्या हाताची बोटे सोलून निघाली. तारा छेडायला पिंटोने कंगव्याचा एक तुटका तुकडा दिला होता, तो पहिल्याच दिवशी गिटारीच्या पोटात पडला. तो काढण्यासाठी गिटार उलटी धरून हलवताना तिने शालूबाईंच्या मसाल्याच्या बरण्या खाली आणल्या. दुसऱ्या महिन्यात सहा सूर बसले. सातवा मात्र बसेना. सातव्या सुराला करंगळी लांबवून तिसऱ्या तारेवर टेकवायची होती. रखमाजीरावांची करंगळी मुळातच आखूड. ती वाटेत दुसऱ्या तारेला बिलगायची, आणि सुराच्या जागी ‘टक्’ असा मोठ्या माणसाने जीभ वाजवावी तसा आवाज यायचा. मग रखमाजीराव पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

याचा क्वार्टर्सवर विलक्षण परिणाम झाला. सहा सूर ऐकले की माणूस पुढच्याची वाट पाहतो, हा मनुष्यस्वभाव आहे. शेजारच्या नंदाबाईंचा डाव कढईवर तसाच अधांतरी राही. पलीकडचा शिदू पॉइंट्समन दाढीला साबण लावून वस्तरा हातात धरून बसे. पुढचा सूर येत नसे. येई तो ‘टक्’.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. नंदाबाई म्हणाल्या, “करंगळीला एरंडेल चोळा, भावजी, आमच्या सासूबाईंचा गुडघा त्यानंच सुटला.” समोरच्या सरूबाईंचे मत पडले की घ्यायचीच होती तर पेटी घ्यायची, बंद असली की तिच्यावर बसून भाजी तरी निवडता येते. शिदूचा सल्ला व्यवहारी होता. “सायेब, त्यो सातवा सोडूनच द्या की. अकराचं दहा झालं तर कोन मोजतंय?” रखमाजीरावांनी पुन्हा पहिल्या सुरापासून सुरुवात केली. कलावंताला असल्या गोष्टी सोसाव्या लागतात, असे त्यांनी कुठेसे वाचले होते.

शालूबाई मात्र तीन महिन्यांत एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या औंढ्याच्या सून आणि कुरवंड्याची लेक. नवऱ्याच्या भानगडीत बोलून उपयोग नसतो, हे त्या दोन्ही गावांत शिकल्या होत्या.

संमेलनाच्या आठवड्यात पत्रिका छापून आली. तीत स्वच्छ अक्षरांत ‘लीड गिटार : श्री. रखमाजी बाबूराव केदारी’ असे होते. रखमाजीरावांनी ती घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्याच दिवशी भिकाजीरावांच्या टेबलावर क्वार्टर्समधल्या नऊ कुटुंबांचा अर्ज पडला : ‘सदर वाद्य एक तर पूर्ण वाजवावे, नाही तर बंद करावे.’

म्हणून बुधवारी, आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, रखमाजीरावांनी गिटार पाठीला बांधली, सायकल काढली आणि औंढ्याचा रस्ता धरला. गावाकडच्या खळ्यात दिवसभर बसायचे आणि करंगळीचा सोक्षमोक्ष लावायचा, असा बेत होता. खळ्यात ऐकायला बैलांशिवाय कुणी नव्हते, आणि बैल अर्ज करीत नाहीत.

औंढ्यात मारुतीच्या देवळात अखंड हरिनामाचा सप्ताह चालला होता. सोमवारी वीणा उभी राहिली होती आणि पुढच्या सोमवारी काला होता. या सात दिवसांत वीणा जमिनीला टेकवायची नाही, असा दंडक. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. एकाने गळ्यातली वीणा उतरवायची ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात. दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचे. पहाऱ्यावरच्याने उभे राहायचे, एकेक तार छेडत राहायचे आणि तोंडाने नामाशिवाय काही बोलायचे नाही. हे औंढ्यात पिढ्यान् पिढ्या चालत आले होते. त्या दिवशी सकाळी मात्र वीणेचा भोपळा मांडवाच्या मेढीवर आपटून पिचला होता आणि तारा लोंबत होत्या. भिमाजी आबा, वय वर्षे ऐंशी, ती मुकी वीणा गळ्यात घालून दोन पहारे उभे होते, आणि गावावर अरिष्ट येणार असे सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेले होते.

मारुतीला नमस्कार करून पुढे जावे म्हणून रखमाजीराव देवळात शिरले. गिटार पाठीवर ठेवून वाकता येईना, म्हणून त्यांनी ती पुढे घेतली. तिचा पट्टा गळ्यात होताच.

“आला!” भिमाजी आबांनी डोळे मिटून हात जोडले. “मारुतीरायानंच धाडला!”

“आबा, ही वीणा न्हाई,” रखमाजीराव म्हणाले.

“तारा हायेत न्हवं?”

“तारा हायेत, पर—”

“मंग झालं!” असे म्हणून आबांनी त्यांच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, कपाळाला बुक्का लावला आणि पाया पडले. रखमाजीराव पुन्हा तोंड उघडणार, तोच त्यांचे थोरले बंधू नथूभाऊ डोळे वटारून म्हणाले, “आता बोलायचं न्हाई. पहाऱ्यावर हायेस तू.”

दोन तास रखमाजीराव ‘रामकृष्णहरी’ म्हणत उभे राहिले. सांगण्यासारखे त्यांच्यापाशी पुष्कळ होते : शनिवारचे संमेलन, डेड स्टॉक, पिंटो, खिशातली पत्रिका. त्यातले काहीच नामात बसत नव्हते. गावातल्या बाया रांगेने येऊन पाया पडून गेल्या. त्यांची चुलती कस्तुराबाई, जिने लहानपणी त्यांना बोरीच्या फोकाने झोडले होते, तीही त्यांच्या पायांवर डोके ठेवून डोळे पुसत गेली. दोन तासांनी नथूभाऊंनी त्यांच्या गळ्यातून गिटार आपल्या गळ्यात घेतली, आणि मग ती गळ्यागळ्यांतून पुढे चालली. रखमाजीराव रिकाम्या पाठीने सायकल मारीत लोणावळ्याला आले.

“किधर है?” पिंटोने विचारले.

“देवळात. सोमवारपर्यंत सुटत नाही.”

पिंटोने छातीवर क्रूस काढला. देवाच्या कामात त्याला पडायचे नव्हते, मग तो देव कुठलाही असो. भिकाजीरावांना मात्र पडावेच लागले. “मालमत्ता देवस्थानच्या ताब्यात असेल,” ते म्हणाले, “तर देवस्थानची सही-शिक्क्याची पोच आणा.” रखमाजीराव गुरुवारी कामावरून सुटून पोच आणायला औंढ्याला गेले. भिमाजी आबांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

“देवाची सही? देवाचा अंगठा चालंल का?”

त्यांनी मारुतीच्या पायाच्या शेंदरात आपला अंगठा बुडवला आणि कागदावर उठवला. शुक्रवारी सकाळी तो कागद भिकाजीरावांच्या टेबलावर आला. फायलीला लावायला तो त्यांना टाचणीने टोचवेना आणि टोपलीत टाकवेना. शेवटी त्यांनी तो घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवला. रजिस्टरमध्ये ‘पोच प्राप्त’ असा शेरा मारला, पण शनिवारी सहाला नग हजर पाहिजे ही अट काही सोडली नाही.

बदली वीणा मिळाली तर गिटार सोडू, असे सप्ताह कमिटीने गुरुवारीच कबूल केले होते. कुरवंड्याच्या देवळात चांगली वीणा होती. रखमाजीरावांनी त्याच संध्याकाळी सायकल तशीच कुरवंड्याकडे दामटली. निम्मा चढ त्यांना सायकल हातात धरूनच चढावा लागला. तिथल्या पंचांनी गूळपाणी दिले आणि सांगितले, “वीणा खुशाल न्या, जावईबापू. आदी आमची कढई द्या.” दोन वर्षांपूर्वी औंढेकरांनी भंडाऱ्यासाठी नेलेली मोठी कढई परत आली नव्हती. औंढेकरांचे म्हणणे, कढई केव्हाच तयार आहे, कुरवंड्याने आधी झारा परत करावा. झाऱ्याचा माग तिसऱ्याच गावात लागत होता. रखमाजीरावांना रेल्वेत राहून एवढे कळत होते, की अशा प्रकरणाला शनिवार पुरत नाही.

आता एकच वाट उरली. गिटार बाहेर येत नाही, तर आपण गिटारीपाशी जायचे. गुरुवारचा रात्रीचा आणि शुक्रवारचा संध्याकाळचा पहारा त्यांनी मागून घेतला. गावाला वाटले, रखमाला उपरती झाली.

टाळकऱ्यांच्या गजरात रखमाजीराव एक तार छेडत, मध्येच हळूच पहिले सहा सूर घालत. ‘टक्’ झाले तरी ते चौदा टाळांखाली गडप होई. इथे कुणाचा डाव अडत नव्हता की वस्तरा अडत नव्हता. कुणी वाट पाहत नव्हते. आणि काय चमत्कार असेल तो असो, शुक्रवारी दिवे लागायच्या सुमाराला करंगळी वाकडीतिकडी होत तिसऱ्या तारेवर जाऊन नेमकी टेकली. सात. मग आठ, नऊ, दहा, अकरा! ठाकरवाडीच्या बुधाने पखवाजावरची मान वर केली आणि अकराव्या सुरावर अशी थाप दिली, की रखमाजीरावांच्या डोळ्यांत पाणी आले. ते इतके आनंदात होते, की हे कुणाला तरी सांगावे असे त्यांना वाटले. पण पहाऱ्यावर होते, ‘रामकृष्णहरी’ म्हणाले.

पहारा उतरताच ते सप्ताह कमिटीपुढे उभे राहिले. चौदा वर्षे रेल्वेचे नियम वाचलेला माणूस तो. म्हणाले, “आबा, वीणा भुईला टेकवायची न्हाई. बरोबर?”

“बरोबर.”

“नाम तुटायचं न्हाई?”

“न्हाई.”

“पर वीणा देवळाबाहीर न्यायची न्हाई, असं कुटं हाय?”

भिमाजी आबा विचारात पडले. असे कुठेच नव्हते, कारण असले काही कुणाच्या डोक्यात आलेच नव्हते. “म्हंजे तू गळ्यात घालून लोनावळ्याला चालत जानार? आन् नाम?”

“टाळकरी येतील संगं.”

टाळकरी एकमेकांकडे पाहू लागले. “इन्स्टिटूटात चिवडा असतोय म्हनं,” एक जण म्हणाला. “आन् च्या,” दुसरा म्हणाला. बुधा पखवाज कमरेला बांधतच म्हणाला, “म्या येतो.” ठराव एकमताने पास झाला. आठच्या पहाऱ्याला वीणा देवळात हजर पाहिजे, एवढीच अट पडली. त्या दिवशी रखमाजीरावांना आपण जगातले सगळ्यात हुशार कारकून आहोत असे वाटले, आणि तसे वाटायला त्यांना हक्कही होता.

शनिवारी पाचला वीणा, म्हणजे गिटार, गळ्यात घेऊन ते निघाले. पुढे रखमाजीराव, मागे बुधा आणि चौदा टाळकरी, आणि सगळ्यांत मागे देखरेखीला बैलगाडीतून भिमाजी आबा. वाटेत बैलगाड्या थांबल्या. एका मोटारीतून मुंबईचे पाहुणे उतरले, त्यांनी चपला काढल्या आणि नमस्कार करून चिक्कीचा पुडा वाहिला. सहाला दोन मिनिटे कमी असताना इन्स्टिट्यूटच्या दारात ‘रामकृष्णहरी’चा गजर झाला, आणि भिकाजीरावांनी घड्याळात पाहून रजिस्टरवर टिकमार्क केली.

“ये लोग चूप नाय बसणार?” पिंटोने कानाशी येऊन विचारले.

रखमाजीरावांनी मान हलवली. पिंटोने क्षणभर टाळांचा ठेका ऐकला, पायाने मोजला आणि म्हणाला, “चार मात्रा. ठीक है. कोरस समजतो.”

पडदा वर गेला. समोर तीनशे खुर्च्या. या वर्षी त्या दुसऱ्या कुणी मांडल्या होत्या, आणि चौथी ओळ वाकडी होती. रखमाजीरावांनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. पिंटोने मान डोलावली. रखमाजीरावांनी कंगव्याचा तुकडा चिमटीत धरला आणि पीस मारला. अकरा सूर, एकापाठोपाठ एक, खणखणीत. बुधाची थाप पडली, ऑर्केस्ट्रा उचलला गेला, चौदा टाळ खणाणले. मध्ये दोनदा पीस आला, तो दोन्ही वेळा तसाच. नंदाबाई, सरूबाई आणि शिदू पहिल्यांदाच पुढचे सूर ऐकत होते आणि एकमेकांकडे पाहत होते.

पीस संपला. रखमाजीराव छाती काढून टाळ्यांची वाट पाहत उभे राहिले.

एकही टाळी पडली नाही. पहिल्या रांगेतल्या एक बाई उठल्या, त्यांनी चपला काढल्या, मंचावर येऊन रखमाजीरावांच्या पायांवर डोके ठेवले आणि गेल्या. मग दुसऱ्या आल्या. मग रांगच लागली. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, तोंडात नाम. विणेकऱ्यापुढे टाळ्या वाजवायच्या नसतात हे सगळ्यांना कळत होते. तीन महिने सोललेल्या बोटांकडे कुणी पाहिले नाही. रखमाजीरावांना इतका राग आला, की त्यांनी ‘रामकृष्णहरी’ जरा दातांखालून म्हटले.

सगळ्यांत शेवटी पुण्याहून आलेले मोठे साहेब मंचावर आले. रखमाजीरावांच्या रजेच्या अर्जांवर चौदा वर्षे याच साहेबांची सही होती. त्यांनी हात जोडले आणि माइकजवळ मोठ्या आदराने विचारले, “महाराज, आपलं नाव काय?”

सभागृह शांत झाले, टाळ हळू झाले. रखमाजीरावांच्या खिशात छापील पत्रिका होती. एक हात गिटारीच्या मानेवर होता आणि दुसरा तारेवर. विंगेत भिमाजी आबा डोळे रोखून उभे होते.

“रामकृष्णहरी,” रखमाजीराव म्हणाले.

“वा!” साहेब गहिवरले.

“हे औंढ्याचे विणेकरी,” भिकाजीरावांनी घाईघाईने सांगून टाकले. डेड स्टॉकची गिटार हार घालून का उभी आहे, हे साहेबांनी विचारू नये एवढीच त्यांची इच्छा होती.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने खुर्ची सरकली. शालूबाई उभ्या राहिल्या. तीन महिने गप्प असलेली बाई ती. डोक्यावरून पदर नीट घेतला, आणि तिथूनच ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “इनेकरी न्हाईत ते. आमचं मालक हायेत.”

“मग नाव काय त्यांचं?” साहेबांनी विचारले.

आता नवऱ्याचे नाव सरळ घ्यायचे कसे? शालूबाईंनी एकदा छताकडे पाहिले, घसा साफ केला आणि लग्नानंतर एकोणीस वर्षांनी पुन्हा उखाणा घेतला :

“वीणा न्हवं, गिटार हाय, तारा तिला सहा,
रखमाजीराव वाजवत्यात, डोळं उघडून पहा!”

आणि टाळ्या पडल्या. अशा पडल्या, की इन्स्टिट्यूटच्या पत्र्यावरची कबुतरे उडाली. साहेबांनी वाजवल्या, त्यांच्या बाईंनी वाजवल्या, पिंटोने ड्रमवर वाजवल्या. नंदाबाई तर खुर्चीवर उभ्या राहून वाजवीत होत्या. शालूबाईंना उखाणा पुन्हा घ्यायला लावला, तो त्यांनी मंचावर येऊन माइकसमोर घेतला. मग तिसऱ्यांदा घेतला. रखमाजीराव त्यांच्या शेजारी तार छेडत उभे होते. बायको आपले नाव घेते आहे आणि तीनशे माणसे ऐकत आहेत, हे त्यांना ऐकू येत होते. बोलायला मात्र परवानगी नव्हती. सातला ते टाळकऱ्यांना घेऊन निघाले, कारण आठचा पहारा चुकवून चालणार नव्हते. चिवडा टाळकऱ्यांनी उपरण्यात बांधून घेतला.

ते गेल्यावर साहेबांच्या हस्ते ‘उत्कृष्ट कलाकार’चा कप देण्यात आला. तो शालूबाईंना मिळाला.

कप केदाऱ्यांच्या क्वार्टरमध्ये बाहेरच्याच फळीवर आहे. आलागेला माणूस तो उचलतो, वाचतो आणि शालूबाईंचे कौतुक करतो. मग सहज रखमाजीरावांकडे वळून विचारतो, “आणि तुम्ही काय करत होता तेव्हा?”

“उभा होतो,” रखमाजीराव सांगतात.